अपडेट फसलंय? शेवटची ओळ सोडा, वर स्क्रोल करा

लिनक्सवर अपडेट मधेच अडकलं की बहुतेक जण एकच गोष्ट करतात, टर्मिनलमधली (कमांड टाईप करायच्या खिडकीतली) शेवटची ओळ कॉपी करायची आणि सर्च मारायचा. डेबियन, उबुंटू, मिंट या लिनक्सच्या सगळ्या खानदानात ती शेवटची ओळ जवळपास ठरलेली असते, 'सब-प्रोसेस डीपीकेजी रिटर्न्ड ॲन एरर कोड (१)'. यातून कळतं एवढंच की काहीतरी बिनसलंय, काय बिनसलंय ते त्या ओळीलाही माहीत नसतं. मग सर्चमध्ये ढीगभर लोकांचे ढीगभर प्रॉब्लेम सापडतात, शेवटची ओळ सगळ्यांची सेम आणि कारण प्रत्येकाचं वेगळं, आपण एकाची कमांड मारतो, ती नाही चालली की दुसऱ्याची, आणि तासाभराने मूळ भानगड जिथल्या तिथे असते आणि वर दोन नवीन झालेल्या असतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

कामाची ओळ वर असते. पहिला एरर शोधायचा. त्याच्या खालचे बाकीचे बहुतेक वेळा त्याचीच पिल्लावळ असते, एक पॅकेज (प्रोग्राम किंवा लायब्ररीचं गाठोडं) कॉन्फिगर झालं नाही म्हणून त्याच्यावर अवलंबून असलेली पाच झाली नाहीत, आणि टर्मिनल त्या पाचांच्या नावानेही तेवढ्याच जोरात बोंबलतं. टर्मिनल बंद करून टाकलं असेल तरी बिघडत नाही, सगळा संवाद /व्हार/लॉग/ॲप्ट/टर्म.लॉग मध्ये लिहिलेला असतो आणि शेजारच्या हिस्टरी.लॉग मध्ये कुठलं पॅकेज कुठल्या व्हर्जनवरून कुठल्या व्हर्जनवर गेलं ते तारीख-वेळेसकट असतं. ही दुसरी फाईल म्हणजे सोनं आहे. "काल चालत होतं, आज चालत नाही, मी काहीच केलं नाही" असं कोणी म्हणालं की मी आधी ती उघडायला सांगते. (कमांड आणि पाथ इथे देवनागरीत लिहितेय, टाईप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.)

दुसरी गोष्ट, ॲप्ट आणि डीपीकेजी हे दोन वेगळे प्रोग्राम आहेत आणि कामं वाटून घेतात. ॲप्ट हिशोब करतं, म्हणजे काय हवंय, कशावर अवलंबून आहे, कुठून उतरवायचं, आणि फाईल्स डाऊनलोड करून ठेवतं. मग डीपीकेजी त्या उलगडतं, आणि सगळ्यात शेवटी प्रत्येक पॅकेज कॉन्फिगर करतं, म्हणजे त्या पॅकेजसोबत आलेली छोटी स्क्रिप्ट चालवतं. तर घोडं यातल्या कुठल्या टप्प्यावर पेंड खातंय ते आधी बघायचं. डाऊनलोडमध्ये अडलं असेल तर निवांत राहा, सिस्टिमला अजून हातही लागलेला नाही, रीबूट करा, झोपा, उद्या बघा. उलगडणं किंवा कॉन्फिगरमध्ये अडलं असेल तर मात्र अर्धं नवीन अर्धं जुनं अशी अवस्था असते आणि तेव्हा रीबूट करायचा मोह टाळायचा. विंडोजची सवय असलेल्यांचा हात लगेच रीबूटकडे जातो. नको. चालू सेशन आहे तोवर तुमच्याकडे ब्राउझर आहे, नेट आहे, टर्मिनल आहे, बूटच नाही झालं तर यातलं काहीच नसेल.

कुठली पॅकेजेस अर्धवट आहेत ते 'डीपीकेजी --ऑडिट' सांगतं. किंवा 'डीपीकेजी -एल' च्या पहिल्या कॉलममध्ये बघा, 'आयआय' म्हणजे सगळं छान, 'आययू' म्हणजे उलगडलंय पण कॉन्फिगर व्हायचंय, 'आयएफ' म्हणजे कॉन्फिगर करताना तोंडावर आपटलं, आणि 'आरसी' म्हणजे पॅकेज काढलंय पण त्याच्या कॉन्फिग फाईल्स मागे राहिल्यात, त्याची चिंता करायची गरज नाही. मग 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', आणि त्यानंतर 'सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. वीज गेली, बॅटरी संपली, चुकून खिडकी बंद झाली, अशा केसेस या दोन कमांडमध्येच मिटतात. नाही मिटल्या तर पुन्हा पहिला एरर.

आता एक केस नीट सांगते कारण ती मी माझ्या मशीनवर, मित्रांच्या मशीनवर, सगळीकडे बघितलीये. /बूट भरणे, म्हणजे मशीन सुरू व्हायला लागणाऱ्या फाईल्सची जागा संपणे.

डिस्क एन्क्रिप्ट करून इन्स्टॉल केलेलं असेल तर /बूट वेगळं पार्टिशन असतं, आणि जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये ते बऱ्यापैकी लहान असतं, माझं ७०० एमबीच्या आसपास आहे. प्रत्येक कर्नलसोबत (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा) तिथे एक इनिटरॅमएफएस फाईल बनते, बूट होताना सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर तिच्यात असतात, ती हल्ली सहज शंभर एमबीच्या आसपास जाते, एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याच्याही वर. अपडेटच्या वेळी ती फाईल नव्याने बनवताना आधी '.न्यू' नावाने शेजारी लिहिली जाते आणि पूर्ण झाली की जुनीच्या जागी सरकवली जाते, म्हणजे तेवढी जागा एक्स्ट्रा मोकळी लागते. ती नसली की स्क्रीनवर दिसतं काय, तर शेवटी 'एरर्स वेअर एन्काउंटर्ड व्हाइल प्रोसेसिंग' आणि खाली लिनक्स-फर्मवेअर किंवा इनिटरॅमएफएस-टूल्स चं नाव. झालं, माणूस 'लिनक्स-फर्मवेअर एरर' म्हणून सर्च मारतो, कोणीतरी सांगतं फर्मवेअर पॅकेज काढून परत टाक, तो काढतो, आणि त्यासोबत वायफाय जातो. आणि त्या बिचाऱ्या फर्मवेअरचा दोष काय, तर ते बदललं म्हणून इनिटरॅमएफएस परत बनवायची वेळ आली एवढाच. दहा-पंधरा ओळी वर शांतपणे लिहिलेलं असतं, 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'.

'डीएफ -एच /बूट' मारलं की १०० टक्के दिसतं. मग वाटतं, सोपं आहे, 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह' करू, जुनी कर्नल जातील. इथे खरी गंमत आहे. ॲप्ट म्हणतं, आधी अर्धवट पॅकेजेस नीट करा, मग मी काहीतरी काढेन. नीट करायला गेलो तर कॉन्फिगर परत इनिटरॅमएफएस बनवायला जातं, आणि जागा नाही म्हणून परत पडतं. असं गोल गोल. यातून बाहेर पडायचा माझा रस्ता असा, आधी 'युनेम -आर' करून आत्ता कुठलं कर्नल चालू आहे ते बघायचं आणि कागदावर लिहायचं, हो कागदावर, कारण ते आकडे एकमेकांसारखे दिसतात आणि घाईत ४५ चं ५४ वाचलं जातं. मग /बूट मधली सगळ्यात जुन्या कर्नलची 'इनिटआरडी.आयएमजी' फाईल (म्हणजे तीच इनिटरॅमएफएस) उचलून होममध्ये हलवायची. हलवायची, उडवायची नाही. तेवढ्याने शंभरेक एमबी सुटतात, लगेच 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', ते गपगुमान पूर्ण होतं, त्यानंतर 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज' ने जुनी कर्नल रीतसर जातात. चालू कर्नल आणि एक जुनं चालणारं, एवढं शिल्लक ठेवायचंच. ते एक जुनं किती कामाचं असतं ते खाली येईलच.

जागा कायमचीच कमी पडत असेल तर /ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/इनिटरॅमएफएस.कॉन्फ मध्ये 'मॉड्यूल्स=मोस्ट' चं 'डेप' करता येतं, मग फक्त या मशीनला लागणारे ड्रायव्हर त्या फाईलमध्ये जातात आणि ती बरीच बारीक होते. पण मग तीच डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तर बूट होईलच असं नाही. मी केलेलं नाही, मला डिस्क इकडून तिकडे हलवायची सवय आहे.

लॉकबद्दल. 'कुड नॉट गेट लॉक' आलं की नेटवर पहिलं उत्तर असतं लॉक फाईल डिलीट करा. हा सल्ला बंद व्हायला हवा, खरंच. ॲप्ट-डीपीकेजीच्या जगात ती फाईल कायमच तिथे असते, नुसती फाईल असणं म्हणजे लॉक नव्हे, लॉक कर्नल सांभाळतं, आणि ज्या प्रोसेसने तो घेतलाय ती मेली की कर्नल तो आपोआप सोडतं. म्हणजे लॉक आहे असं दिसतंय याचा अर्थ कोणीतरी खरंच आत काम करतंय. फाईल उडवली की त्याचं काम थांबत नाही, फक्त दुसऱ्यालाही आत शिरायची वाट मिळते, आणि दोघं एकाच वेळी पॅकेजचा डेटाबेस लिहायला लागले की मग वाट लागते. मेसेजमध्ये प्रोसेसचं नाव दिलेलं असतं, बहुतेक वेळा 'अनअटेंडेड-अपग्र' (नाव अर्धवट दिसतं कारण कर्नल प्रोसेसच्या नावाची १५च अक्षरं ठेवतं), म्हणजे मशीन बरेच दिवसांनी चालू केलंय आणि ते मागे बसून आपणहून सिक्युरिटी अपडेट टाकतंय. टाकू द्या. आर्च या दुसऱ्या घराण्यातल्या लिनक्सवर मात्र प्रकार उलटा आहे, पॅकमनची (तिथला ॲप्ट) डीबी.एलसीके फाईल असणं हाच लॉक, त्यामुळे मधेच लाईट गेली तर ती हाताने काढावी लागते, अर्थात दुसरा पॅकमन चालू नाही ना ते बघून. नेटवरचे अर्धे सल्ले असे एका डिस्ट्रोचे (लिनक्सच्या प्रकाराचे) दुसरीकडे पोचलेले असतात.

डाऊनलोडमधल्या अडचणी पटकन सांगते. ४०४ आलं तर आधी 'ॲप्ट अपडेट', कारण तुमच्याकडची यादी जुनी आहे आणि सर्व्हरवर नवीन फाईल आलीये. तरीही सगळीकडेच ४०४, तर तुमच्या रिलीजचा सपोर्ट संपलाय, उबुंटूची मधल्या सहा महिन्यांची रिलीज फक्त ९ महिने चालतात आणि नंतर सगळं ओल्ड-रिलीजेस नावाच्या वेगळ्या सर्व्हरवर हलवतात, तिकडचा पत्ता टाकून मग पुढे अपग्रेड करावं लागतं. 'हॅश सम मिसमॅच' म्हणजे मिरर (मूळ सर्व्हरची नक्कल) अर्धवट सिंक झालाय किंवा मधल्या प्रॉक्सीने जुनी फाईल हातात दिली, मिरर बदला किंवा थोड्या वेळाने या. 'रिलीज फाईल इज नॉट व्हॅलिड येट' ही माझी आवडती, कारण यात ॲप्टचा काडीचा संबंध नसतो, घड्याळ मागे आहे. बोर्डवरचा सेल गेलेला असतो, किंवा तुम्ही अमेरिकेसारख्या यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) मागे असलेल्या देशात आहात, विंडोजसोबत ड्युअल बूट आहे आणि विंडोज हार्डवेअर घड्याळात लोकल वेळ लिहितं तर लिनक्स त्याला यूटीसी समजतं (भारतात याने घड्याळ उलट पुढे जातं). 'टाइमडेटसीटीएल' मारून बघा, तारीख बरोबर झाली की एरर गायब.

'नो पबकी' म्हणजे बाहेरच्या रेपोची (पॅकेजेसच्या साठ्याची) सही तपासायची चावी नाही. यावर जुने सगळे लेख 'ॲप्ट-की' वापरा सांगतात, ते आता मोडीत निघालंय. चावी /ईटीसी/ॲप्ट/कीरिंग्ज मध्ये ठेवायची आणि त्या रेपोच्या ओळीत 'साइन्ड-बाय' लिहून ती फक्त त्याच रेपोसाठी चालेल असं सांगायचं. जुन्या पद्धतीत कुठल्याही एका बाहेरच्या रेपोची चावी सगळ्याच रेपोंना चालायची, म्हणजे कोणा भलत्याच्या चावीने सही केलेलं सिस्टिम पॅकेजही ॲप्टने मुकाट घेतलं असतं. बदल त्रासदायक आहे पण बरोबर आहे.

मग येतं 'केप्ट बॅक'. अपडेट केलं तरी चार-पाच पॅकेजेस मागेच ठेवलीत असं ॲप्ट सांगतं आणि लोकांना ते बघवत नाही, काहीतरी करून यादी रिकामी झालीच पाहिजे. उबुंटूवर हल्ली याचं कारण बहुतेक वेळा फेज्ड अपडेट असतं, म्हणजे नवीन व्हर्जन आधी १० टक्के मशीनला, मग हळूहळू वाढवत सगळ्यांना, मधे गडबडीचे रिपोर्ट आले तर थांबवता यावं म्हणून. तुमचा नंबर कधी ते तुमच्या मशीन-आयडीवरून ठरतं, आणि सिक्युरिटी अपडेट यात येत नाहीत, ते सगळ्यांना लगेच मिळतात. 'ॲप्ट-कॅश पॉलिसी' आणि पुढे पॅकेजचं नाव, बघा तिथे फेज्ड अमुक टक्के लिहिलेलं दिसेल. असेल तर सोडून द्या, काही दिवसांत आपोआप येईल. लोक काय करतात, एकेक नाव घेऊन 'ॲप्ट इन्स्टॉल' मारतात, त्याने येतं खरं पण ते पॅकेज 'हाताने टाकलेलं' म्हणून नोंदलं जातं आणि नंतर गरज संपली तरी ऑटोरिमूव्ह त्याला हात लावत नाही, असा कचरा साठत जातो.

केप्ट बॅकचं दुसरं कारण, नवीन व्हर्जन टाकायला काहीतरी काढावं लागणार आहे आणि साधं 'अपग्रेड' काहीच काढत नाही. तिथे 'फुल-अपग्रेड' लागतं, आणि ते मारल्यावर जी 'हे काढलं जाईल' यादी येते ती वाचायची म्हणजे वाचायची. २०२१ साली एका प्रचंड गाजलेल्या यूट्यूब चॅनलवर पॉप ओएसवर स्टीम टाकताना ॲप्टने सांगितलं होतं की यासाठी तुझा डेस्कटॉपच काढावा लागेल, खरंच करू का, तर 'येस, डू ॲज आय से!' असं पूर्ण वाक्य टाईप कर. चॅनलवाल्याने केलं. डेस्कटॉप गेला. यावर लिनक्सवाल्यांत जोरदार भांडण झालं, चूक कोणाची म्हणून, आणि माझ्या मते दोन्हीकडे अर्धी अर्धी होती, पॅकेजिंगमध्ये गडबड होतीच, पण यादी समोर होती. पुढे ॲप्टने ते वाक्य टाईप करून पुढे जायची सोयच काढून टाकली.

काळी स्क्रीन. मामाचा फोन, "अगं अपडेट झालं आणि आता काळं झालंय सगळं, नुसती एक रेघ लुकलुकतेय." मामाच्या लॅपटॉपमध्ये एनव्हिडिया. मी म्हटलं, मामा थांब, पॉवर बटण सोड, कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाब. "हां, लॉगिन मागतोय." संपलं, म्हणजे सिस्टिम जिवंत आहे, फक्त ग्राफिक्स उठलेलं नाही, निम्मी काळजी तिथेच मिटली. मग रीबूट करून ग्रब मेनू (कुठलं कर्नल बूट करायचं ते तिथे निवडतात), त्याला सांगितलं लोगो यायच्या आत एस्केप दाब, जास्त वेळा नको, जास्त दाबलं की ग्रबचा नुसता प्रॉम्प्ट येतो (आलाच तर 'नॉर्मल' टाईप करून एन्टर मारायचं आणि लगेच एकदा एस्केप). जुन्या बायोसवाल्या मशीनवर एस्केपऐवजी शिफ्ट धरून ठेवतात. तिथे 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये मागचं कर्नल निवडलं, आणि डेस्कटॉप समोर. मामा म्हणाला, "मग झालं की, आता असंच वापरतो." चाललं असतं तसं काही दिवस, खरं सांगायचं तर.

कारण काय होतं तर ड्रायव्हर डीकेएमएसचा, म्हणजे प्रत्येक नवीन कर्नलसाठी तो मशीनवरच परत कंपाईल होतो, आणि त्यासाठी त्या कर्नलची हेडर्स लागतात. 'डीकेएमएस स्टेटस' मध्ये जुन्या कर्नलपुढे 'इन्स्टॉल्ड' होतं आणि नव्याचं नावच नव्हतं. कर्नलचं मेटापॅकेज (नवीन कर्नल आपोआप आणणारं) होतं पण 'लिनक्स-हेडर्स-जेनेरिक' नव्हतं, त्यामुळे कर्नल आलं, हेडर्स आली नाहीत, ड्रायव्हर बनला नाही. ते एक पॅकेज टाकलं, डीकेएमएसने दोन मिनिटं पंखा फिरवला, पुढच्या बूटला नवीन कर्नल व्यवस्थित. हेडर्स असूनही बनत नसेल तर /व्हार/लिब/डीकेएमएस च्या आत मेक.लॉग असतो, तिथेही नियम तोच, पहिला एरर. आणि ड्रायव्हर नीट बनून सुद्धा लोड होत नसेल, 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं येत असेल, तर सिक्युअर बूट चालू आहे आणि चावी नोंदवायची राहिलीये. इन्स्टॉलच्या वेळी एक पासवर्ड विचारतात, पुढच्या रीबूटला निळी स्क्रीन येते, 'एनरोल एमओके', ती थोडा वेळच थांबते आणि आपण उठून गेलेलो असतो.

फेडोरावाल्यांनी इथे एक लक्षात ठेवायचं, एकेमॉड्स (डीकेएमएसचा तिकडचा भाऊ) मागे गुपचूप कंपाईल करत असतं, इन्स्टॉल झालं असं दिसलं म्हणून लगेच रीबूट मारू नका, पाच मिनिटं द्या.

याच घराण्यातला एक निरुपद्रवी प्रकार, अपडेटनंतर 'एनव्हिडिया-एसएमआय' म्हणतं 'ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच' आणि लोक ड्रायव्हर उपटून परत टाकायला बसतात. अहो, डिस्कवर नवीन लायब्ररी आलीये आणि मेमरीत अजून जुनं मॉड्यूल चालू आहे. रीबूट करा. आर्चवर अपडेटनंतर अचानक पेनड्राईव्ह ओळखत नाही तेही असंच, चालू असलेल्या कर्नलची मॉड्यूल्स अपडेटने डिस्कवरून काढलेली असतात, नवीन काही लोड करायला गेलं की फाईलच नाही. मगाशी रीबूट नको म्हणाले आणि आता रीबूट करा म्हणतेय, पण फरक आहे, अर्धवट अपडेटवर नको, पूर्ण झालेल्यावर खुशाल.

आता मोठं अपग्रेड, एका रिलीजवरून दुसऱ्यावर. उबुंटू एलटीएस (जास्त वर्षं सपोर्ट असलेलं रिलीज) दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येतं पण जुन्या एलटीएसवाल्यांना ते लगेच ऑफर होत नाही, पहिलं पॉइंट रिलीज, म्हणजे '.१' आल्यावर होतं. ज्यांना धीर धरवत नाही ते अपग्रेडच्या कमांडला '-डी' लावून आधीच उडी मारतात आणि मग प्रश्न विचारत फिरतात. त्या तीन-चार महिन्यांत काय काय निस्तरलं जातं ते बघायचं असेल तर बग ट्रॅकर उघडून बसा, पॉपकॉर्नशिवाय करमणूक.

अपग्रेड फसण्याचं नंबर एक कारण माझ्या अनुभवात बाहेरचे रेपो, पीपीए. अपग्रेडर ते बंद करतो, पण तिथून आलेली पॅकेजेस तशीच राहतात, आणि त्यांचं व्हर्जन जर नवीन रिलीजमधल्यापेक्षा मोठं असेल तर ॲप्ट त्यांना हात लावत नाही, त्यांना जुन्या लायब्ररी हव्या असतात, आणि हिशोब कोलमडतो, 'कुड नॉट कॅल्क्युलेट द अपग्रेड'. म्हणून अपग्रेडच्या आधी 'पीपीए-पर्ज', ते नुसता रेपो काढत नाही, पॅकेज मूळ व्हर्जनवर परत आणतं. ग्राफिक्सचे पीपीए (मेसा वगैरे) असतील तर हे कराच करा.

२०२४ च्या २४.०४ मध्ये एक वेगळीच मजा झाली. ३२-बिट सिस्टिमवर वेळ मोजायचा आकडा १९ जानेवारी २०३८ ला संपतो, म्हणून डेबियन-उबुंटूने तो ६४-बिट केला आणि त्या भानगडीत ढिगाने लायब्ररींची नावं बदलली, शेवटी 'टी६४' लागलं, जसं 'लिबएसाउंड२' चं 'लिबएसाउंड२टी६४'. ६४-बिट मशीनवर वेळेचा प्रश्न मुळात नव्हताच पण नावं सगळीकडेच बदलली. परिणाम, कुठूनतरी उतरवलेली जुनी डेब (पॅकेजची) फाईल टाकायला गेलं की ती जुन्या नावाची लायब्ररी मागते आणि कधीकधी ॲप्ट म्हणतं असं पॅकेज इन्स्टॉल करता येत नाही. यावर २२.०४ ची लायब्ररी उतरवून जबरदस्तीने टाकणारे महाभाग आहेत. ते करू नका, त्या प्रोग्रामची नवीन डेब शोधा, आणि नसेलच तर फ्लॅटपॅक (लायब्ररी सोबत घेऊन येणारं पॅकेज) बघा.

डेबियनवर उडी मारता येत नाही, ११ वरून १२, १२ वरून १३, एकेक पायरी. आणि १२ मध्ये, म्हणजे २०२३ साली, फर्मवेअरसाठी 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा वेगळा विभाग काढला, सोर्सेस फाईलमध्ये तो शब्द घातला नाही तर एरर वगैरे काही येत नाही, फर्मवेअर जुनंच राहतं, बस. असे न बोलणारे बिघाड सगळ्यात वाईट.

अपग्रेड चालू असताना मधेच विचारतात, ही कॉन्फिग फाईल तू बदललेली आहेस, नवीन घेऊ की तुझी ठेवू? डिफॉल्ट उत्तर 'तुझी ठेव' असतं आणि घाबरून सगळेच एन्टर मारतात. आधी 'डी' दाबा, दोन्हीतला फरक दिसतो. फाईल तुम्हाला आठवतच नसेल आणि फरक फक्त कमेंटचा असेल तर नवीन घ्या. ठेवलीत तर नवीन शेजारी '.डीपीकेजी-डिस्ट' नावाने पडलेली असते, नंतर निवांत जुळवता येते. आर्चवर '.पॅकन्यू', फेडोरावर '.आरपीएमन्यू', नावं वेगळी, दुर्लक्ष सगळीकडे सारखंच.

पायथनवाल्यांसाठी एकच, /यूएसआर/बिन/पायथन३ ची लिंक स्वतःच्या आवडीच्या व्हर्जनकडे वळवू नका. ॲप्टच्या आजूबाजूची बरीच टूल्स सिस्टिमच्या पायथनवर चालतात, लिंक वळवली की 'नो मॉड्यूल नेम्ड ॲप्ट पीकेजी' आणि अपग्रेडर सुरूच होत नाही. तुमचे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट मात्र अपग्रेडनंतर मोडणारच, ३.१० चं ३.१२ झालं की ते परत बनवायचे, दुरुस्त करत बसायचे नाहीत.

मग इतकी कटकट तर अपडेटच का करा, किंवा उलट, सगळ्यात नवीन तेच का वापरू नये, हे दोन्ही पक्ष भेटतात. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाईल्स दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचा दरवाजा सापडला, आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिन अर्धा सेकंद जास्त घेतंय असं जाणवलं आणि त्याने तो धागा सोडला नाही म्हणून. तेव्हा ती व्हर्जन्स आर्च, टंबलवीड, डेबियन टेस्टिंग असल्या पुढे धावणाऱ्यांकडे पोचली होती, डेबियन स्टेबल किंवा उबुंटू एलटीएसवाल्यांकडे नाही. यावरून अपडेट करू नये असं कोणी काढू नका. मी सिक्युरिटी अपडेट आल्या आल्या घेते आणि रिलीज अपग्रेड उशिरा करते, एवढंच.

टाइमशिफ्ट किंवा बीटीआरएफएसचे स्नॅपशॉट (सिस्टिमच्या आधीच्या अवस्थेच्या जपलेल्या प्रती) असतील तर अर्धी पोस्ट तुमच्यासाठी नाहीच, ओपनसूसेवर तर ग्रबमधूनच कालच्या अवस्थेत बूट करता येतं. टाइमशिफ्ट होम फोल्डर डिफॉल्टला घेत नाही मात्र, त्याला बॅकअप समजू नका.

आणि सध्या माझ्या लॅपटॉपवर एक न सुटलेलं प्रकरण आहे. गेल्या कर्नल अपडेटपासून झाकण बंद करून उघडलं की दर दोन-तीन वेळांनी एकदा वायफाय उठत नाही. जुन्या कर्नलवर होत नाही, म्हणून सध्या तेच बूट करतेय. 'जर्नलसीटीएल -बी -१' मध्ये झोपेतून उठतानाचा पहिला एरर वायफायचा नाहीये, त्याच्या आधी पीसीआयची एक ओळ आहे, म्हणजे वायफाय ड्रायव्हरच्या नावाने ओरडून उपयोग नाही. /सिस/पॉवर/मेम_स्लीप मध्ये 'एस२आयडल' आणि 'डीप' हे झोपेचे दोन्ही प्रकार दिसतात, या आठवड्यात 'डीप' लावून बघणार, तिथेही झालं तर दोन्ही कर्नलचे लॉग जोडून बग टाकते. कोणाला हेच दिसलं असेल तर कर्नलचं व्हर्जन आणि ती पहिली ओळ पाठवा, शेवटची नको.